माईस-रॅटच्या ॲनिमल हाऊसमध्ये इन्फेक्शन शिरू न देणं आणि शिरलंच तर आवरणं: कुठल्या क्रमाने काय करायचं

ॲनिमल हाऊसमध्ये, म्हणजे संशोधनासाठी प्राणी ठेवतात त्या जागेत, इन्फेक्शन सापडलं की पहिलं वाक्य बहुतेक ठिकाणी हेच ऐकू येतं, "पण प्राणी तर अगदी ठणठणीत दिसत होते." सगळं चुकतं ते इथंच. माईस आणि रॅटमधले कितीतरी व्हायरस आणि परजीवी मोठ्या, धडधाकट प्राण्यात काहीच लक्षण दाखवत नाहीत. पार्व्होव्हायरस घेऊन फिरणारा माईस खातो, पितो, पिल्लं घालतो, आणि आतून तुमच्या इम्युनॉलॉजीच्या डेटाची वाट लावत असतो. म्हणून "बघून बरा वाटला, आत घेतला" ही पद्धत पहिली बंद करा. खालचे टप्पे माईस आणि रॅटसाठी लिहिलेत, आणि ते क्रमाने करायचे आहेत, कारण बहुतेक फॅसिलिटीत लोक सगळ्या गोष्टी करतात पण उलट्यासुलट्या क्रमाने करतात आणि मग केलेलं सगळं वाया जातं.

## टप्पा १: नको असलेल्या जंतूंची यादी आधी लिहून काढा

प्राणी मागवण्याच्या आधी, व्हेट आणि रिसर्चवाले एकत्र बसून ठरवा की कुठल्या रूममध्ये कुठला जंतू अजिबात चालणार नाही, कुठला सापडला तर उपचार करून चालेल आणि कुठल्याकडे लक्ष ठेवलं तरी पुरे. सगळ्या रूमना एकच नियम लावायला जाऊ नका. न्यूड किंवा स्किड (जन्मतःच इम्युनिटी कमजोर असलेल्या) माईसच्या रूममध्ये कॉरिनेबॅक्टेरियम बोव्हिस हा बॅक्टेरिया म्हणजे मोठं संकट, कातडी खपल्या-खपल्या होते आणि ट्यूमर स्टडी बिघडते. तोच जंतू नॉर्मल इम्युनिटीच्या, केसाळ माईसच्या रूममध्ये सहसा काही करत नाही, पण तिथून तो न्यूडच्या रूमपर्यंत पोचतो हे विसरू नका.

यादीत सहसा हे असतंच: एमएचव्ही म्हणजे माउस हिपॅटायटिस व्हायरस, माईसचे पार्व्होव्हायरस, सेंडाई व्हायरस, एक्ट्रोमेलिया (माउसपॉक्सचा व्हायरस), रोटाव्हायरस, मायकोप्लाझ्मा पल्मोनिस, हेलिकोबॅक्टर, टिझर डिसीजचा क्लोस्ट्रिडियम पिलीफॉर्मी, पिनवर्म (आतड्यातले बारीक जंत) आणि फर माइट (केसांत राहणारे बारीक परजीवी). रॅटमध्ये त्यांचा स्वतःचा कोरोनाव्हायरस आणि पार्व्होव्हायरस वेगळे धरायचे. माणसाला होणारे दोन वेगळ्या रंगाने लिहा: एलसीएमव्ही (लिम्फोसायटिक कोरिओमेनिंजायटिस व्हायरस), जो माईस आणि हॅमस्टरमधून येतो आणि गरोदर बाईच्या बाळाला गंभीर इजा करू शकतो, आणि रॅटमधून येणारा सोल हंताव्हायरस.

तपासा: यादीवर प्रत्येक जंतूसमोर "सापडला तर कुणाला कळवायचं आणि पहिली कृती काय" हे लिहिलंय का? नसेल तर यादी अर्धवटच आहे.

## टप्पा २: रूम, हवा आणि माणसांच्या येण्याजाण्याचा क्रम

स्वच्छ कॉलनीच्या रूममध्ये हवेचा दाब बाहेरच्यापेक्षा जास्त ठेवायचा, म्हणजे दार उघडलं की हवा बाहेर जाते. क्वारंटाइन आणि इन्फेक्टेड रूममध्ये बरोब्बर उलटं, दाब कमी. तासाला १० ते १५ वेळा हवा बदलली पाहिजे, माईस-रॅटसाठी तापमान २० ते २६ अंश आणि आर्द्रता ३० ते ७० टक्क्यांच्या आत. हे आकडे भिंतीवर लावून भागत नाही, दाबाचा गेज रोज बघून सही करणारा माणूस ठरलेला हवा.

आता माणसांचा क्रम. दिवसाची पहिली रूम इम्युनोडेफिशियंट म्हणजे कमजोर इम्युनिटीच्या प्राण्यांची, मग ब्रीडिंग, मग नॉर्मल स्टॉक, मग एक्सपेरिमेंटवाले, शेवटी क्वारंटाइन, आणि एखादी रूम इन्फेक्टेड असेल तर ती सगळ्यात शेवटी. क्वारंटाइनमध्ये पाय ठेवला की त्या दिवशी परत स्वच्छ रूममध्ये जायचं नाही, "फक्त पाच मिनिटांचं काम होतं" हे कारण तर अजिबात चालवून घेऊ नका. शक्य असेल तर क्वारंटाइनला वेगळाच माणूस द्या, तोही शक्य नसेल तर निदान वेगळा गाउन, वेगळे शूज, वेगळी ट्रॉली आणि वेगळे फोर्सेप.

सावधान: कागदावर क्रम ठरतो आणि शनिवार-रविवारी मोडतो, कारण सुट्टीच्या दिवशी एकच माणूस सगळ्या रूम करतो आणि त्याला जवळची रूम आधी सोयीची पडते. सुट्टीच्या ड्यूटीचा वेगळा छापील क्रम दाराला लावा.

## टप्पा ३: नवीन प्राणी आत घेणं

सगळ्यात जास्त चुका इथे होतात म्हणून जरा सावकाश वाचा.

आधी कागद. जिथून प्राणी येणार त्या कॉलनीचा हेल्थ रिपोर्ट मागवा, आणि नुसतं "नेगेटिव्ह" वाचून खूश होऊ नका. रिपोर्ट कुठल्या रूमचा आहे, किती प्राणी टेस्ट केले, कुठल्या पद्धतीने, आणि किती जुना आहे हे बघा. जी टेस्ट केलीच नाही तिची ओळ रिपोर्टमध्ये नसते, आणि नसलेली ओळ लोक नेगेटिव्ह समजतात. तुमच्या टप्पा १ च्या यादीशी एकेक नाव जुळवा. मोठ्या ब्रीडरकडून आलेले प्राणी आणि दुसऱ्या लॅबमधून मैत्रीखात्यात आलेली ट्रान्सजेनिक लाइन (जीन बदललेल्या प्राण्यांचा वंश) यात जमीन-अस्मानाचा फरक आहे, दुसऱ्या लॅबमधून आलेलं काहीही सरळ कॉलनीत जाता कामा नये.

बॉक्स आला की तो रिसीव्हिंगच्या जागेतच थांबवा. फिल्टर फाटलाय का, बॉक्स कुठे ओला झालाय का बघा, बाहेरून डिसइन्फेक्टंट मारा, पूर्ण वेळ ओला राहू द्या, मगच क्वारंटाइनमध्ये न्या आणि हूडखाली (फिल्टर हवेच्या कामाच्या कपाटात) उघडा. प्राणी फोर्सेपने किंवा नवीन ग्लव्ह्जने स्वच्छ केजमध्ये, आणि बॉक्स बेडिंगसकट तिथेच बॅगमध्ये बांधून ऑटोक्लेव्हला. बेडिंग फेकायच्या आधी त्यातल्या लेंड्या पीसीआरसाठी (जंतूचा डीएनए-आरएनए शोधणारी टेस्ट) काढून घ्या, प्रवासात सगळ्यांच्या लेंड्या एकत्र आलेल्या असतात त्यामुळे फुकटात मिळणारं हे चांगलं सॅम्पल आहे.

मग टेस्ट, दोन वेळा:

१. आल्या-आल्या पीसीआर. लेंडी, अंगावरच्या केसांचा स्वॅब, तोंडाचा स्वॅब. पिनवर्म आणि फर माइट इथेच पकडायचे.

२. साधारण ३ ते ४ आठवड्यांनी सिरॉलॉजी (रक्तातल्या अँटिबॉडी बघणारी टेस्ट) आणि पुन्हा पीसीआर. इन्फेक्शन झाल्यावर मोजता येण्याएवढ्या अँटिबॉडी बनायला दोनेक आठवडे तरी लागतात, त्यामुळे प्रवासात लागण झालेल्या माईसचं पहिल्या दिवशीचं सिरम नेगेटिव्हच येणार. उलट एमएचव्हीसारखा व्हायरस नॉर्मल माईसच्या लेंडीतून काही आठवड्यांत निघून जातो, तेव्हा उशिरा केलेला नुसता पीसीआरही फसवतो. म्हणून दोन्ही लागतात.

सावधान: ज्या माईसला बी सेल (अँटिबॉडी बनवणाऱ्या पेशी) नाहीत त्यांच्यात अँटिबॉडी बनतच नाही, त्यांची सिरॉलॉजी कायम नेगेटिव्ह. अशा लाइनला पीसीआर करा किंवा सोबत नॉर्मल सेंटिनल (इन्फेक्शन पकडण्यासाठी मुद्दाम ठेवलेले प्राणी) ठेवा. तसंच लहान पिल्लात आईकडून आलेल्या अँटिबॉडी असतात, तिथे पॉझिटिव्ह आलं म्हणून पिल्लाला इन्फेक्शन आहेच असं नाही.

क्वारंटाइन रूमसाठी एक नियम काटेकोर पाळा: सगळे एकत्र आत, सगळे एकत्र बाहेर. तीन आठवडे झालेल्या बॅचशेजारी आज नवीन बॅच ठेवली तर जुन्या बॅचचं घड्याळ पुन्हा शून्यावर गेलं. जागा कमी असेल तर निदान बंद आयसोलेटर किंवा वेगळी रॅक वापरा आणि केज फक्त हूडखाली उघडा.

तपासा: रिपोर्ट हातात येण्याआधी कुणी प्राणी हलवू शकतं का? शकत असेल तर क्वारंटाइनच्या दाराची चावी एकाच माणसाकडे द्या.

## टप्पा ४: प्राण्यांशिवायच्या वाटा

लोक प्राण्यांवर नजर ठेवतात आणि इंजेक्शनमधून व्हायरस आत घेतात. माईसमध्ये वाढवलेल्या ट्यूमर सेल लाइन, माईस सीरम, हायब्रिडोमा (लॅबमध्ये वाढवलेल्या, अँटिबॉडी बनवणाऱ्या पेशी) या सगळ्यातून एलसीएमव्ही, एक्ट्रोमेलिया आणि लॅक्टेट डिहायड्रोजनेज एलिव्हेटिंग व्हायरस येऊ शकतात. १९९० च्या दशकात अमेरिकेत एक्ट्रोमेलिया शिरला तो विकत घेतलेल्या माईस सीरममधूनच. त्यामुळे प्राण्यात टोचायचं प्रत्येक बायॉलॉजिकल मटेरियल आधी पीसीआर पॅनेलमधून काढा, "ही लाइन आम्ही दहा वर्षं वापरतोय" याला काही अर्थ नाही.

जंगली उंदीर तर येतातच. साधारण ६ मिलिमीटरच्या फटीतून छोटा माईस आत शिरतो, तेव्हा दाराखालची पट्टी, पाइपभोवतीची भोकं, ड्रेन हे दर महिन्याला तपासा. पळालेला प्राणी सापडला तर केजमध्ये परत टाकायचा नाही, तो संशयित धरून टेस्टला द्यायचा. स्टाफपैकी कुणाच्या घरी माईस, रॅट, हॅमस्टर पाळलेले असतील तर त्यांनी स्वच्छ रूममध्ये जाऊ नये, हे नोकरीवर घेतानाच स्पष्ट सांगून लिहून घ्या.

आणि शेअर्ड उपकरणं! वजनकाटा, ॲनेस्थेशियाचा नोज कोन, इमेजिंग मशीन, इरॅडिएटर, बिहेवियरचा मेझ. वेगवेगळ्या रूमचे प्राणी इथेच एकमेकांना भेटतात. एकदा बाहेर इमेजिंगला गेलेला प्राणी परत मूळ रूममध्ये न येता वेगळ्या रूममध्ये गेला तर तुमच्या अर्ध्या डोकेदुखी कमी होतील.

## टप्पा ५: डिसइन्फेक्शन, क्रम चुकवू नका

क्रम असा: घाण काढा, डिटर्जंटने धुवा, पाण्याने काढा, मग डिसइन्फेक्टंट, आणि लेबलवर दिलेला पूर्ण वेळ ओलं ठेवा. लेंडी-लघवीवर सरळ क्लोरीन ओतलं की क्लोरीन त्या घाणीतच खर्च होतो. बहुतेक लोक फवारतात आणि लगेच पुसतात, म्हणजे दहा मिनिटांचं औषध दहा सेकंद लागतं.

कुठे काय वापरायचं हे जंतूवर ठरतं. कोरोना, सेंडाई यांना बाहेर चरबीचं आवरण असतं, ते साबणानेही मरतात. पार्व्होव्हायरसला ते नसतं, अल्कोहोल आणि क्वाटर्नरी अमोनियम त्याच्यावर चालत नाहीत, तिथे क्लोरीन, क्लोरीन डायऑक्साइड, पेरॉक्सीमोनोसल्फेट किंवा हायड्रोजन पेरॉक्साइड व्हेपर लागतं. क्लोस्ट्रिडियमचे स्पोअर पण तसेच चिवट. पिनवर्मची अंडी रसायनांना फारशी दाद देत नाहीत, ती उष्णतेने मारायची. म्हणजे ग्लव्ह्जवर अल्कोहोल मारून केज-टू-केज फिरणाऱ्या माणसाला सुरक्षित वाटतं, पण पार्व्हो आणि पिनवर्म त्याच्या हातावर बसून आरामात पुढच्या केजमध्ये जातात. ग्लव्ह्ज बदला, किंवा पेरॉक्सीमोनोसल्फेटसारख्या द्रावणात पूर्ण वेळ बुडवलेले फोर्सेप आलटून-पालटून वापरा.

केज वॉशरच्या शेवटच्या रिन्सचं तापमान ८२ अंशाच्या आसपास पोचतंय का, हे मशीनच्या डिस्प्लेवर विश्वास न ठेवता तापमान पट्टी चिकटवून बघा. ऑटोक्लेव्हमध्ये १२१ अंश हे लोडच्या मधोमध यायला हवं आणि वेळ तिथून मोजायचा, गच्च भरलेल्या बेडिंगच्या बॅगेत वाफ मध्यापर्यंत पोचायलाच खूप वेळ जातो.

तपासा: क्लोरीनचं द्रावण आज बनवलंय का? बाटलीवर तारीख आणि वेळ नसेल तर ओतून द्या.

## टप्पा ६: नियमित मॉनिटरिंग

दर ३ महिन्यांनी टेस्ट हा सर्वसाधारण पाया धरा, फेलासा या युरोपातल्या लॅब-प्राणी संस्थांच्या महासंघाच्या २०१४ च्या शिफारशीही तिमाही मॉनिटरिंगच सांगतात.

किती प्राणी टेस्ट करायचे हा हिशोब सगळे अंदाजाने करतात, तो असा आहे. रूममधल्या निम्म्या प्राण्यांत इन्फेक्शन असेल तर ९५ टक्के खात्रीने एक तरी पकडायला ५ प्राणी लागतात. ३० टक्क्यांत असेल तर ९. १० टक्क्यांत असेल तर २९. आणि १ टक्क्यात असेल तर जवळपास ३००. यात टेस्ट अगदी अचूक आणि सॅम्पल रँडम हे गृहीत धरलंय. आता विचार करा, आयव्हीसी रॅकमध्ये (जिथे प्रत्येक केजला स्वतंत्र फिल्टर हवा मिळते) प्रत्येक केज म्हणजे स्वतंत्र बेटासारखी असते, इन्फेक्शन दोन-चार केजमध्येच अडकून बसतं, तेव्हा ५ माईस टेस्ट करून "रूम क्लीन" म्हणणं किती पोकळ आहे.

म्हणून सेंटिनल वापरतात: तरुण, नॉर्मल इम्युनिटीच्या मादी, ज्यांना प्रत्येक केज चेंजला रॅकमधल्या केजेसचं थोडं-थोडं घाण बेडिंग देतात. यात नेहमी होणाऱ्या चुका अशा. एक, दर वेळी त्याच वरच्या दोन ओळींतून बेडिंग घेणं कारण हात तिथे पोचतो. दोन, ब्लॅक सिक्स (सी५७बीएल/६ हा माईसचा वंश) च्या मादी सेंटिनल म्हणून ठेवणं. त्या माउस पार्व्होव्हायरसला बऱ्यापैकी दाद देत नाहीत, आउटब्रेड (मिश्र वंशाच्या) तरुण मादी घ्या. तीन, बेडिंग ट्रान्सफर केल्याची नोंद आहे पण केज नवी-कोरी कोरडी, म्हणजे टिक मार्क झालं पण काम झालं नाही.

चौथी गोष्ट माणसाची चूक नाही, पद्धतीचीच मर्यादा आहे. बेडिंगमधून सगळं पसरत नाही. सेंडाई, फर माइट, पूर्वी पाश्चुरेला म्हणायचे तो न्यूमोट्रॉपिकस बॅक्टेरिया, हे बेडिंग सेंटिनलमध्ये सहज निसटतात. म्हणून सेंटिनलच्या जोडीला रॅकच्या एक्झॉस्टमधल्या धुळीचा पीसीआर आणि खुद्द कॉलनीतल्या प्राण्यांचे स्वॅब लावा. फक्त एक्झॉस्टचा पीसीआर मेलेल्या जंतूचा डीएनएही दाखवतो, जुन्या इन्फेक्शनची धूळ प्लेनममध्ये (रॅकची बाहेर जाणारी हवा गोळा होते त्या पोकळीत) महिनोन्‌महिने राहते, तेव्हा उपचारानंतर प्लेनम साफ केल्याशिवाय त्या पॉझिटिव्हवर निर्णय घेऊ नका.

पिनवर्मसाठी टेप टेस्ट (गुदद्वाराजवळ चिकटपट्टी लावून अंडी बघणं) करणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवा की सिफेशिया जातीचा पिनवर्म गुदद्वाराजवळ अंडी घालतो, तो टेपवर मिळतो. ॲस्पिक्युल्युरिस या दुसऱ्या जातीची अंडी लेंडीतून जातात, टेपवर मिळणार नाहीत. त्याला लेंडीची तपासणी किंवा पीसीआर हवा.

आणि रोज प्राणी बघणाऱ्या केअरटेकरला विचारा. पिल्लं कमी होतायत, दूध सुटायच्या वयाची पिल्लं बारीक राहतायत, एखाद्या रांगेतले माईस खाजवतायत, हे त्याला कुठल्याही रिपोर्टच्या आधी दिसतं. त्याचं ऐकून घेणारा कुणीतरी असला पाहिजे एवढंच. मेलेला प्राणी परस्पर फेकायचा नाही, तारीख आणि केज नंबर लिहून फ्रीजमध्ये ठेवायचा, फ्रीझरमध्ये नाही, गोठवल्यावर हिस्टोपॅथॉलॉजीसाठी टिश्यू वाया जातात.

## टप्पा ७: पॉझिटिव्ह रिपोर्ट आला, पहिल्या दिवशी काय

१. हालचाल थांबवा. त्या रूममधून प्राणी, केज, ट्रॉली, टिश्यू काहीच बाहेर नाही, आत नवीन प्राणी नाही. हे रिपोर्ट कन्फर्म व्हायच्या आधीच करायचं.

२. कन्फर्म करा. तेच सॅम्पल पुन्हा, आणि वेगळ्या पद्धतीने नवीन सॅम्पल. सिरॉलॉजीत एकच कमजोर पॉझिटिव्ह आलं म्हणून रूम रिकामी करणं ही मोठी आणि परत न फिरवता येणारी चूक आहे.

३. मागच्या साधारण ३ महिन्यांत या रूममधून कुठे-कुठे प्राणी गेले, कुठून आले, कुणी-कुणी काम केलं याची यादी काढा. त्या रूमही थांबवा.

४. एलसीएमव्ही किंवा हंता असेल तर सगळ्यात आधी माणसं. गरोदर आणि इम्युनिटी कमी असलेल्या व्यक्तींना लगेच बाजूला काढा, आणि संपर्कात आलेल्या सगळ्यांना डॉक्टरकडे पाठवा.

५. रिसर्चवाल्यांना त्याच दिवशी कळवा. लपवलं की लोक रात्री येऊन आपले "महत्त्वाचे" माईस दुसऱ्या रूममध्ये हलवतात आणि मग दोन रूम पॉझिटिव्ह होतात.

## टप्पा ८: उपाय निवडणं

रिकामं करून पुन्हा भरणं. प्राणी विकत मिळणारे असतील तर हाच सगळ्यात खात्रीचा मार्ग. न्यूड रूममधल्या कॉरिनेबॅक्टेरियम बोव्हिसला अँटिबायोटिक देऊन लोक वेळ घालवतात, लक्षणं दबतात, जंतू जात नाही. प्राणी मारायचे असतील तर ते व्हेटच्या देखरेखीत आणि एथिक्स कमिटीला कळवूनच.

ब्रीडिंग थांबवून इन्फेक्शन विझू देणं. हे एमएचव्हीसाठी, आणि फक्त नॉर्मल इम्युनिटीच्या माईससाठी. नॉर्मल माईस सहसा ३-४ आठवड्यांत व्हायरस काढून टाकतो, पण नवीन जन्मलेलं प्रत्येक पिल्लू व्हायरसला नवं घर देतं. म्हणून नर-मादी वेगळे करा, पिल्लं काढा, ६ ते ८ आठवडे एकही नवीन प्राणी आत नाही. लोक सहाव्या आठवड्यात एखादी प्रेग्नंट मादी "तेवढी एकच" म्हणून ठेवतात आणि सगळं पहिल्यापासून. इम्युनोडेफिशियंट लाइनमध्ये हे चालत नाही, ते व्हायरस सोडतच राहतात, आणि ट्रान्सजेनिक लाइनची इम्युनिटी नक्की नॉर्मल आहे का हे आधी विचारा. पार्व्होसाठी हा मार्ग नाही, तो शरीरातही टिकतो आणि रूममध्येही.

टेस्ट करून पॉझिटिव्ह केज काढणं. आयव्हीसीमध्ये पार्व्हो थोड्याच केजमध्ये असेल तर जमतं, पण प्रत्येक केज टेस्ट करायची तयारी हवी आणि केज चेंज अगदी काटेकोर हवा.

औषध. पिनवर्मला १५० पीपीएम फेनबेंडॅझोल असलेलं फीड. सिफेशियाचं जीवनचक्र ११ ते १५ दिवसांचं, ॲस्पिक्युल्युरिसचं साधारण २३ ते २५, त्यामुळे उपचार बरीच चक्रं ओलांडेल एवढा लांब चालवा, सोबत केज आणि बेडिंग बदलत राहा, कारण वातावरणातली अंडी औषधाने जात नाहीत. फर माइटला आयव्हरमेक्टिन, पण ते अंड्यांवर चालत नाही, अंडी आठवडाभराने फुटतात, म्हणून मध्येच थांबवायचं नाही.

सावधान: आयव्हरमेक्टिन लहान पिल्लांना आणि ब्लड-ब्रेन बॅरियर कमकुवत असलेल्या लाइनना मारू शकतं. आधी थोड्या प्राण्यांवर बघा. औषधाचं फीड सुरू केल्याची तारीख प्रत्येक रिसर्चरला लेखी द्या, त्याचा परिणाम त्यांच्या स्टडीवर होऊ शकतो.

रिडेरिव्हेशन, म्हणजे तीच लाइन जंतूंशिवाय नव्याने जन्माला घालणं. लाइन दुसरीकडे मिळत नसेल तर एम्ब्रियो ट्रान्सफर. एम्ब्रियो अनेक वेळा धुवायचे, स्वच्छ रेसिपियंट मादीत टाकायचे, आणि पिल्लांच्या आधी त्या मादीची टेस्ट करायची. तिची टेस्ट नेगेटिव्ह आल्याशिवाय पिल्लं आयसोलेटरबाहेर काढू नका. आउटब्रेकची वाट न बघता महत्त्वाच्या लाइनचे स्पर्म आणि एम्ब्रियो आजच गोठवून ठेवले तर या टप्प्यावर तुमचं निम्मं काम झालेलं असतं.

## टप्पा ९: रूम धुणं आणि परत उघडणं

उघडं फीड, बेडिंग, कार्डबोर्ड, कागदी केज कार्ड आधी बॅगमध्ये बांधून बाहेर. कोरडं बेडिंग उपडं करून धूळ उडवू नका, पाणी मारून ओलं करा. मग केज, रॅक, पाण्याच्या लाइन, ब्लोअर, एक्झॉस्टचा प्लेनम. प्री-फिल्टर नवीन. छत, मग भिंती, मग जमीन, वरून खाली. धुऊन झाल्यावरच डिसइन्फेक्टंट, आणि पार्व्हो, पिनवर्म किंवा कॉरिनेबॅक्टेरियम असेल तर शक्य तिथे हायड्रोजन पेरॉक्साइड व्हेपर. पिनवर्मच्या केज आणि ॲक्सेसरी उष्णतेतूनच काढा. संगणकाचा कीबोर्ड, पेन, दाराची मूठ, खुर्चीची चाकं हे शेवटी सगळेच विसरतात.

वाळल्यावर पृष्ठभागांचे स्वॅब पीसीआरला पाठवा. नेगेटिव्ह आले की रूममध्ये आधी फक्त सेंटिनल ठेवा, रूमचेच केज, रूमचीच रॅक, रोजचाच माणूस. साधारण ४ ते ६ आठवड्यांनी त्यांची सिरॉलॉजी आणि पीसीआर दोन्ही स्वच्छ आले की कॉलनी परत आणा, तीही एका वेळी एकच रॅक, आणि पहिले दोन तिमाही रिपोर्ट येईपर्यंत या रूममधले प्राणी दुसऱ्या रूममध्ये पाठवू नका.